काकूंनी टर्बो बदलला नाही

काकांच्या घरात कुठलीच वस्तू जुनी होत नसे, कारण कुठलीच वस्तू धड वापरली जात नसे. टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी, सोफ्यावर चादर, त्या चादरीवर दुसरी चादर, आणि पाहुणे आले की वरची चादर काढायची की नाही यावर नवरा-बायकोत डोळ्यांनीच भांडण. काकांनी उभा जन्म एका कारखान्याचं स्टोअर सांभाळण्यात घालवला होता. आत आलेला माल बाहेर जाऊ द्यायचा म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. निवृत्त झाल्यावर कारखान्याची फडताळं सुटली आणि सगळी माया घरावर येऊन पडली.

त्यातही सगळ्यात जास्त गाडीवर. राखाडी रंगाची डिझेल गाडी, घेतल्या दिवसापासून काकांनी तळहाताच्या फोडासारखी जपलेली. सीटवरचं दुकानातलं प्लॅस्टिक अजून तसंच होतं, त्यामुळे वळणावर माणूस एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत घसरत जायचा. काका चालवायचेही असे, की मागच्या सीटवर अंड्यांचा ट्रे असावा आणि अंडी शेजाऱ्याची असावीत. इंजिनचा आवाज जरा चढला की गिअर वरचा. घाट असला तरी चौथा. गाडी कण्हायची, थरथरायची, आणि काका स्टिअरिंगवर हात फिरवून म्हणायचे, "कशाला बिचारीला ओरडायला लावायचं?"

गाडीचं पुस्तक काय सांगतं, मुलगा फोनवर काय सांगतो, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. जपणं म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

काकू मात्र जपून ठेवण्यासारख्या बाई नव्हत्या. मुलं आपापल्या मार्गाला लागली तशी त्यांनी घरात बसून राहायला साफ नकार दिला. गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावर मुलींची एक निवासी शाळा होती. तिथे आठवड्यातून तीनदा काकू शिवणकाम शिकवायच्या. आयुष्यभर त्यांनी घरातल्यांच्या पँटी आखूड केल्या होत्या, उसवलेल्या बाह्या टाचल्या होत्या, आणि त्याबद्दल कुणी साधं "वा" म्हटलं नव्हतं. वर त्या मुली त्यांच्या हाताकडे डोळे फाडून बघत. एखादीची कॉलर पहिल्यांदा नीट बसली की ती पोरगी वर्गभर नाचायची आणि काकूंना आकाश ठेंगणं व्हायचं. या क्लासखेरीज आपल्याला आता जगात काही नको, असं त्यांना खरोखर वाटे. त्यांनी ते काकांना एकदा सांगितलंही होतं. काका म्हणाले होते, "मग मी?" आणि पेपर उघडला होता.

आधी वर जायला बस होती. ती बंद झाली. मग काका गाडीने सोडायला लागले, क्लास होईपर्यंत वरच गाडीत बसून राहायला लागले आणि परत आणायला लागले. काकूंकडे लायसन्स होतं, दोनदा नूतनीकरण केलेलं. पण ते वापरायचं म्हटलं की काकांना काहीतरी आठवायचं: आज क्लच जड आहे, आज टायर गरम आहेत, आज रस्त्यावर वाळू आहे.

आणि अशात गाडी रुसली. घाटातल्या अर्ध्या चढावर डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागायचा आणि गाडीतला जीवच जायचा. पाय कितीही दाबा, ती आपली बैलगाडीच्या वेगाने. शेवटच्या खेपेला ती चढेचना. मागे ट्रकची रांग लागली, भोंग्यांनी घाट दणाणला, आणि काकांनी घामाघूम होऊन गाडी वळवून घरी आणली. क्लास बुडाला. त्याच्या आधीचाही बुडाला होता.

मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. आवाज गोड, मजकूर कडू. "मुलींची परीक्षा तोंडावर आली आहे हो. सोमवारी तुम्हाला येणं जमलं नाही, तर आम्हाला दुसरी व्यवस्था पाहावी लागेल. तुमच्या अडचणी समजतात मला."

काकूंनी फोन ठेवला आणि काकांना उठवलं. "चला, मिस्त्रीकडे."

मिस्त्री म्हणजे त्यांचा नेहमीचा गॅरेजवाला. त्याने बॉनेट उघडलं, गाडी सुरू केली, कान लावला, बॉनेट बंद केलं. "टर्बो गेला. नवा टाका."

"टर्बो म्हणजे नेमकं काय?" काकूंनी विचारलं.

"इंजिनातून जो धूर बाहेर पडतो ना काकू, त्याच्या जोरावर एक पंखा फिरतो. तो पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो. चढावर ताकद येते ती त्याची. तो गेला की गाडी नुसती दिसायला गाडी."

"नवा केव्हा मिळेल?"

"मागवावा लागेल. महिना तरी धरून चाला."

काकूंनी मनात हिशोब केला. महिन्याने वर्गातल्या त्यांच्या खुर्चीवर दुसरी कुणी बाई बसलेली असणार होती.

काकांनी मात्र तिथल्या तिथे निकाल लावला. "नवा टाकायचा आणि पुन्हा त्या घाटात जाळायचा? काही नको. तुझ्या क्लासने खाल्ली ही गाडी. इतकी वर्षं जपली, आणि त्या डोंगराने तिची वाट लावली. विकून टाकू."

काकूंच्या डोक्यात सणक गेली. पण नवऱ्याशी मिस्त्रीसमोर भांडण्यापेक्षा त्यांनी मिस्त्रीलाच धरलं. "तुम्ही उघडून पाहिलात का तो?"

"उघडायचं काय त्यात? आवाजावरून कळतं."

"मी कापड न उलगडता माप सांगत नाही."

मिस्त्री हसला. माणूस वाईट नव्हता. "काकू, मी बिघडलेला काढतो आणि नवा बसवतो. आतल्या दुरुस्तीच्या भानगडीत पडत नाही, कारण उद्या पुन्हा बिघडला की लोक माझी कॉलर धरतात. तुम्हाला हौसच असेल तर प्रोफेसरकडे जा. मी काढून देतो. पण गॅरंटी मागू नका."

प्रोफेसर हा काही कुठल्या कॉलेजात नव्हता. टायरवाल्यांच्या ओळीच्या टोकाला त्याचं लांबट दुकान होतं, तिथे तो फक्त टर्बो दुरुस्त करायचा आणि समोर येईल त्याला त्याबद्दल व्याख्यान द्यायचा, म्हणून हे नाव. काकू टर्बो जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन गेल्या. गोगलगाईच्या शंखासारखा आकार आणि पाट्यावरच्या वरवंट्याचं वजन. काकाही बरोबर आले, तो माणूस आतला माल बदलत नाही ना हे बघायला. स्टोअरकीपरची नजर.

"या, या! या गावात टर्बोला हात लावणारा माणूस एकच, आणि तो तुमच्यासमोर उभा आहे," प्रोफेसरने स्वतःची ओळख करून दिली. दुकान मात्र स्वच्छ होतं. टेबलावर पांढरा पत्रा, त्यावर एकही डाग नाही. त्याने टर्बो मांडला आणि काकूंना म्हणाला, "बोट घाला. ही मधली दांडी धरा. वरखाली हलवा."

"जरा हलते."

"तेवढी हलायलाच हवी. आता पुढे-मागे ओढा."

काकूंनी ओढली. "नाही हलत."

"शाब्बास! दांडी ठणठणीत. आता पंख्याची पाती बघा. कुठे टवका उडालाय? नाही. या तोंडाला तेल गळलंय? कोरडं. म्हणजे मिस्त्री म्हणतो तसा हा गेलेला नाही." त्याने मागचं झाकण सोडवलं. आत बोटाच्या पेराएवढ्या पात्यांचं एक कडं होतं, आणि ते सगळं काळ्याकुट्ट, दगडासारख्या काजळीत रुतलेलं. प्रोफेसरने कडेची छोटी दांडी दाबली. काही हललं नाही. जोर लावला. तरी नाही. "ही पाती उघडझाप करायला पाहिजेत. धुराचा जोर हीच सांभाळतात. ती जागच्या जागी चिकटलीत." त्याने मान वर केली. "गाडी चालवतं कोण?"

काकांची छाती फुगली. "मी. एवढ्या वर्षांत इंजिनाच्या फेऱ्यांची सुई कधी दोनच्या वर जाऊ दिली नाही. घाटातसुद्धा चौथा गिअर सोडत नाही."

प्रोफेसरने कपाळावर हात मारला. "काका! अहो काका! हाच तर गुन्हा!"

"गुन्हा?"

"डिझेलला कधीतरी मोकळं पळू द्यावं लागतं. इंजिन तापलं, धूर जोरात सुटला, की काजळी आपोआप उडून जाते. तुम्ही तिला आयुष्यभर कण्हत ठेवलीत. जेवढा घाट चढलात तेवढी काजळी साठवलीत. घाटाने नाही मारली हिला. लाडाने मारली." तो रंगात आला होता. "नवा टर्बो टाका, वाटलं तर दोन टाका. तुमच्या हाताखाली तेही असेच चिकटतील. माझं ऐकाल तर टर्बो दुरुस्त करा आणि ड्रायव्हर बदला."

मग काकूंना हसू आलं. त्यांनी ते दाबायचा प्रयत्न केला, ते नाकातून बाहेर पडलं, आणि मग त्या टॉवेलात तोंड लपवून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. काकांचा चेहरा विस्तवासारखा लाल झाला. "हसायला काय झालं? पोटच्या पोरासारखी जपली मी तिला!"

काकूंचं हसू थांबलं. त्यांना दिसलं की काकांना खरंच लागलंय. पण सोमवार काही त्यासाठी थांबणार नव्हता. त्यांनी प्रोफेसरला विचारलं, "साफ केलात तर चालेल?"

"चालेल. सोमवारच्या आत देतो. पण खरं सांगतो, सायलेन्सरमध्ये जुनी काजळी आहे ती आहेच. ती बाहेर पडेपर्यंत पुन्हा कण्हत चालवलीत तर दिवा परत लागेल. पायथ्यापासून माथ्यापर्यंत दुसरा गिअर, सुई तीनवर, पाय उचलायचा नाही. गॅरंटी माझ्या हातात नाही काकू. ती चालवणाऱ्याच्या पायात आहे."

म्हणजे महिनाभर नव्या टर्बोची वाट पाहा आणि क्लासवर पाणी सोडा, नाहीतर हा जुना साफ करून नशीब आजमावा. काकूंनी काकांकडे पाहिलं नाही. लग्न झाल्यापासून इतका मोठा निर्णय त्यांनी नवऱ्याकडे न बघता पहिल्यांदाच घेतला. "साफ करा," त्या म्हणाल्या.

घरी पोचताच दारात काका म्हणाले, "सोमवारी घाटात दिवा लागला, तर गाडी विकायची. आणि मग क्लासचं नाव काढायचं नाही."

"कबूल," काकू म्हणाल्या. आपण काय पणाला लावलं ते त्यांना बोलून गेल्यावर कळलं, पण शब्द बाहेर पडला होता.

सोमवारी टर्बो बसवलेली गाडी दारात उभी राहिली. किल्ली अर्थातच काकांच्या हातात. पायथ्याशी त्यांनी मान डोलावून सगळं घोकलं: दुसरा गिअर, सुई तीनवर, पाय उचलायचा नाही. चढ लागला. इंजिनचा आवाज चढला. आणि काकांचा हात, जसा काही तो काकांचा नव्हताच, सरळ गिअरवर गेला.

"अहो, दुसरा!"

"हो, हो." तिसरा पडला होता. पुढच्या वळणावर चौथा पडला. काकूंनी हात धरायचा प्रयत्न केला. गाडी कण्हली, थरथरली, आणि समोर पिवळा दिवा लागला.

काकांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "बघितलंस?" ते म्हणाले. जिंकलेल्या माणसाचा आवाज नव्हता तो. "झालं. संपलं. मी तुला सांगत होतो."

काकूंना रडू कोसळेल असं वाटलं. रडू आलं नाही, संताप आला. त्या दार उघडून उतरल्या, बॉनेटला वळसा घालून आल्या आणि काकांचं दार उघडलं.

"उतरा."

"काय?"

"हा दिवा गाडीने नाही लावला. तुम्ही लावलात. उतरा."

"तू चालवणार? घाटात?"

"भावाकडे गेले की त्याची पिकअप गवताच्या गठ्ठ्यांसकट हाकते मी. तो शेजारी बसतसुद्धा नाही. उतरा, मुली वाट बघताहेत."

बायकोचा हा आवाज काकांनी फार वर्षांत ऐकला नव्हता. ते उतरले. काकू बसल्या आणि घसरल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा घसरल्या. मग त्यांनी सीटवरच्या प्लॅस्टिकला हात घातला आणि टर्रकन ते उभं फाडून मागे भिरकावलं. काकांनी "अगं!" एवढंच म्हटलं आणि ते शेजारी येऊन बसले.

सीट पुढे. आरसा खाली. किल्ली बंद. काकूंनी श्वास घेतला आणि किल्ली फिरवली. गाडी पुन्हा सुरू केली की दिवा तेवढ्यापुरता विझायचा, तसा तो आताही विझला. पण चढावर उभी गाडी सोडायची, मागे वळण, कधीही ट्रक येईल. हँडब्रेक सुटला, गाडी वीतभर मागे गेली, काकांनी डोळे मिटले, क्लचने पकड घेतली, आणि गाडी पुढे निघाली. पहिला. दुसरा. मग काकूंनी पाय दाबला आणि दाबूनच ठेवला.

इंजिन ओरडायला लागलं. सुई दोनवर आली. दोनच्या पुढे गेली, जिथे ती या गाडीत कधी गेलीच नव्हती.

"गिअर! अगं, गिअर बदल!"

"नाही."

"फुटेल!"

"फुटू दे!"

सुई तीनवर आली. मागच्या आरशात रस्ता दिसेनासा झाला. गाडीच्या मागून काळ्या धुराचा लोट उसळला, इतक्या वर्षांची कोंडलेली काजळी एकदम बाहेर पडत होती. काकूंना दिव्याच्या जागेकडे बघायचा धीर होईना. एक वळण गेलं. दुसरं गेलं. धूर विरळ झाला, राखाडी झाला, मग नाहीसा झाला. आणि मग पुढून, बॉनेटच्या आतून, एक बारीक शिट्टी ऐकू आली. ती चढत गेली आणि कुणीतरी पाठीला हात लावून ढकलावं तशी गाडी उसळली.

"चल गं बये!" काकू ओरडल्या. आपण ओरडलो हे त्यांना नंतर कळलं.

पुढे सिमेंटचा ट्रक होता, मागचा ड्रम गरगर फिरवत रांगणारा. अशा ट्रकमागे घाटभर धूर खात जायचं, ही काकांची रीत. सरळ पट्टा आला, समोरून कुणी नव्हतं, काकूंनी भोंगा दिला आणि गाडी बाहेर काढली. ट्रक बाजूला आला, मागे पडला. त्याच्या ड्रायव्हरने खिडकीतून हात बाहेर काढून सलाम ठोकला. काकूंनी उलट सलाम ठोकला. काकांनी दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरली होती, पण डोळे आता उघडे होते. सुईकडे लागले होते.

"तीनच्या खाली येतेय," काका हळूच म्हणाले.

काकूंनी पाय दाबला.

माथा आला तेव्हा काकूंच्या अंगावर काटा उभा होता आणि त्या मोठमोठ्याने हसत होत्या. त्यांना वाटलं, आत्ता कुणी सांगितलं तर आपण हा डोंगर गाडीला बांधून ओढत नेऊ. शाळेच्या फाटकातून गाडी आत शिरली ती अजून शिट्टी वाजवतच. मुली खिडक्यांत गोळा झाल्या. एक ओरडली, "बाई स्वतः चालवत आल्या!" आणि सगळी इमारत दुमदुमली. मुख्याध्यापिकाबाई पायऱ्यांवर आल्या, घड्याळाकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं.

"परीक्षेपर्यंत जमेल ना तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"परीक्षेपर्यंतच का?" काकू म्हणाल्या. "मी आहे आता."

त्या दिवशी त्यांनी कॉलर शिकवली ती अशी, की सगळ्यात आळशी मुलीचीसुद्धा दोन्ही टोकं सारखी आली.

क्लास सुटल्यावर त्या बाहेर आल्या तेव्हा काका गाडीजवळ वॉचमनला काहीतरी सांगत होते. हात हवेत उडत होते. "दुसऱ्या गिअरवर! सुई तीनच्या खाली येऊ दिली नाही. सिमेंटचा ट्रक असा मागे टाकला, असा! म्हटलं, चालव, बघू या." वॉचमन तोंड उघडं ठेवून ऐकत होता. काकूंना पाहून काकांनी हात खाली घेतले.

वॉचमन गेला. काका गाडीच्या टपावरून उगाच बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "आता तू एकटी येशील."

"येईन की."

"हं. मला वाटायचं, मी आणतो म्हणून तू येतेस. इथे झाडाखाली बसलो की बरं वाटायचं. कारखाना सुटल्यापासून कुणाला माझी गरज पडते ती एवढीच, असं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "मला गाडी चालवताच येत नाही, नाही का?"

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. रागवायचं ठरवलं असतं तर बरंच काही होतं रागवण्यासारखं. पण आज त्यांच्या मनात रागाला जागाच उरली नव्हती.

"येत नाही," त्या म्हणाल्या. "पण येईल. उद्यापासून मी शिकवते तुम्हाला."

"तू? मला?"

"मास्तरीण आहे मी. या पोरींना काय काय शिकवलं. तुम्हाला एक दुसरा गिअर शिकवता येणार नाही?"

काकांनी खाली बघून विचार केला. "या वयात हाताची सवय जात नाही. मी नापास झालो तर?"

"माझ्या वर्गात नापास झालेल्या मुलीला मी हाकलून देत नाही," काकू म्हणाल्या. "पुन्हा शेजारी बसवते. बसा आता."

काका दुसऱ्या बाजूने जाऊन शेजारच्या सीटवर बसले. त्यांनी पट्टा लावला, पाठ ताठ केली, आणि मन लावून सुईकडे बघायला लागले.